गॅलरीत टांगलेली सीडी

मुलगी फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, आजीच्या सीडीतली अंगाई पाठवा ना. बाळ झोपतच नाहीये, आणि मला त्या गाण्याचा सूर काही केल्या सापडत नाहीये."

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? सीडी घ्यायची, कॉम्प्युटरमध्ये घालायची, गाणं उतरवून घ्यायचं आणि पाठवून द्यायचं. दहा मिनिटांचं काम. मी ऐटीत "संध्याकाळपर्यंत पाठवतो" असं सांगून मोकळा झालो. त्यानंतर बरोबर तेवीस दिवस घरात, इमारतीत आणि ऑफिसात माझी जी काही शोभा झाली, ती आता आठवली की हसू येतं. तेव्हा मात्र अजिबात येत नव्हतं.

माझी आई शाळेत गाणं शिकवायची. ती निवृत्त झाली तेव्हा शाळेतल्या बायकांनी तिला धरून एका स्टुडिओत नेलं आणि तिची दहा गाणी रेकॉर्ड करून सीडी हातात ठेवली. दोनच वर्षांनी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते, तेही मोजकंच. म्हणजे आईचा आवाज या जगात फक्त त्या एका सीडीत उरला होता. तो स्टुडिओही केव्हाच बंद पडलाय.

मी फडताळातून सीडीची डबी काढली. वर शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी सुरेख अक्षरात "दहा गाणी" असं लिहिलेलं. डबी उघडली. आत काहीच नाही.

आणि मग मला आठवलं.

त्याचं असं झालं, गेल्या वर्षी आमच्या गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. कोणीतरी सांगितलं, जुन्या सीड्या टांगा, त्या चमकल्या की कबुतरं येत नाहीत. मी काम टाळणारा माणूस नाही. एका रविवारी सकाळी मी फडताळातल्या आठ डब्या धडाधड रिकाम्या केल्या, सीड्यांच्या भोकांतून दोरे ओवले आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर ओळीने टांगल्या. आई तेव्हा गॅलरीतच खुर्चीत बसून बघत होती. मी तिला "बघ आता, एक कबुतर फिरकतंय का" असंही म्हणालो होतो. त्या दिवशी मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आता मी चोरासारखा गॅलरीत गेलो आणि आठही सीड्या खाली उतरवल्या. एक प्रिंटरची, एक टायपिंग शिकवणारी, एक ज्ञानकोशाची, चार मुलीच्या शाळेतल्या. या सात ओळखू आल्या. आठवी नुसती पांढरी. तिच्यावरचं लिखाण ऊन-पावसाने साफ धुऊन गेलं होतं. म्हणजे हीच ती. आईचा आवाज मी वर्षभर कबुतरांना दाखवत बसलो होतो.

बायकोला मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, "आईला यातलं काही बोलू नकोस, तिला सरप्राइज द्यायचंय."

"अगंबाई, किती छान!" बायको म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढ्या कौतुकाने ती माझ्याकडे क्वचितच बघते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कळलं की आमच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. मी तो चारी बाजूंनी फिरवून बघितला, उलटा करूनही बघितला.

"अहो, ही फट कसली आहे?" बायकोने विचारलं.

"ती गरम हवा बाहेर जायची जाळी आहे. तिथे काही घालू नकोस."

"मी कशाला घालू? तुम्हीच मघापासून बोट घालताय."

तेव्हा सीडी ड्राइव्ह विकत आणणं आलं. दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बैलगाडीचा टायर मागतोय. "काका, पेन ड्राइव्ह देऊ का?" म्हटलं, मला सीडीच वाचायची आहे. "मेमरी कार्ड?" म्हटलं, सीडी. तो आत गेला, बराच वेळ काहीतरी पाडापाडीचा आवाज आला, आणि दोन धुळकट खोकी घेऊन बाहेर आला. एकात काळा ड्राइव्ह, एकात पांढरा.

"दोन्हींत फरक काय?" मी अभ्यासू चेहऱ्याने विचारलं.

"रंग," तो म्हणाला.

मी बराच विचार करून काळा घेतला. बाहेरून वायरीने जोडायचा, वहीएवढा पातळ, दिसायला सुबक. घरी आणून लॅपटॉपला जोडला, पांढरी सीडी घातली. बारीक हिरवा दिवा लुकलुकला. मग मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखा आवाज आला, थांबला, परत आला, परत थांबला. पडद्यावर सूचना आली, "कृपया डिस्क घाला."

"घातलीये की!" मी लॅपटॉपवर ओरडलो. दहा वेळा काढून घातली. दहाही वेळा त्याने तेच उत्तर दिलं, आणि तेही नम्रपणे, याचाच जास्त राग आला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे तीन ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत. बायकोने त्यांचं नाव डेसिबल ठेवलंय. एरवी मी त्यांच्या वाटेला जात नाही, कारण ते एका प्रश्नाचं उत्तर पाऊण तासात देतात. पण गरज मला होती.

"ड्राइव्ह घेण्याआधी मला विचारलंत?" हे त्यांचं पहिलं वाक्य. "नाही ना? मग भोगा."

मग त्यांनी मला बसवून समजावलं. सीडी नुसती वाजवताना ड्राइव्हला एखादी जागा नीट वाचता आली नाही, तर तो काहीतरी सावरून घेतो आणि पुढे जातो. आपल्या कानाला कळतही नाही. पण गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, आणि तेही बिनचूक, तर तीच जागा परत परत वाचून खात्री करावी लागते. तिथे ड्राइव्हचा कस लागतो. "आणि हे तुमचं पातळ खेळणं लॅपटॉपच्याच विजेवर चालतं. त्यात दम किती असणार? बघू सीडी."

त्यांनी सीडी खिडकीपाशी धरून तिरकी केली. "ही उन्हात होती का?"

"छे!" मी म्हणालो.

"मग हा दोरा कसला?"

दोरा मी काढला होता, पण त्याचा एक तुकडा भोकाच्या कडेला चिकटून राहिला होता. "खूण म्हणून," मी म्हणालो. "हरवू नये म्हणून."

डेसिबलनी दोऱ्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "घरी भरलेल्या सीडीत रंगाचा थर असतो. उन्हाने तो विटतो. एक सांगतो, आशा कमी आहे. पण जुने जाडजूड ड्राइव्ह असतात ना, टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचे, पत्र्याचे, त्यातला एखादा असा चिवट निघतो की विचारू नका. आता सगळं ड्राइव्हवर."

आशा कमी आहे, हे तीन शब्द ऐकूनही जिना चढताना मी असा ड्राइव्ह कुठे बघितलाय ते आठवू लागलो.

जुना जाडजूड ड्राइव्ह आमच्या ऑफिसात होता. संगणक विभागाच्या कोपऱ्यात, कपड्याखाली झाकलेल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये. विभागप्रमुख बाई शिस्तीच्या. म्हणाल्या, "अर्ज द्या. कारण लिहा." मी लिहिलं, "मातोश्रींचा आवाज मिळवणेबाबत." त्यांनी तो अर्ज दोनदा वाचला.

"आवाज हा दस्तऐवज समजायचा की साहित्य?"

"बाई, आवाज म्हणजे आवाज."

"तसा रकाना नाही. साहित्य समजू या. मग स्टोअरची सही आणा."

स्टोअरकीपरने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "साहित्य आत येणारं आहे की बाहेर जाणारं?"

"आत जाईल आणि लगेच बाहेर येईल," मी सांगितलं. त्याने तसंच लिहून घेतलं आणि सही केली. या सगळ्यात सहा दिवस गेले.

साहित्य आत गेलं. बाहेर मात्र आलं नाही. ड्राइव्हने सीडी गिळली, एकदा ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि गप्प बसला. बटण दाबलं, काही नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, काही नाही. तोवर आजूबाजूचे सगळे जमले होते. एकजण म्हणाला, वरून थाप मारा. दुसरा म्हणाला, तिरका करा. तिसऱ्याने पट्टी आणली आणि फटीत घालायला निघाला, तेव्हा मी ड्राइव्हसमोर हात पसरून आडवा उभा राहिलो.

"कोणी हात लावायचा नाही! आत माझी आई आहे!"

साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय अडकलंय?" त्यांनी विचारलं, आणि बाई खाली मान घालून म्हणाल्या, "यांच्या मातोश्री, सर."

शेवटी आमच्या जुन्या शिपायाने एक टाचणी सरळ केली, ड्राइव्हच्या तोंडावरच्या एका बारीकशा भोकात घातली आणि ढकलली. खट्कन ट्रे बाहेर आला. "अहो, भोक असतं तिथे," तो म्हणाला. "यासाठीच ठेवलेलं असतं." मी त्याला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला, "कर्मचाऱ्यांनी नातेवाइकांचे आवाज कार्यालयात आणू नयेत." खाली माझं नाव नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. जेवणाच्या सुट्टीत लोक मला वाकून विचारायचे, "आई बऱ्या आहेत ना?"

इकडे घरी वेगळंच सुरू झालं होतं. सीड्या काढल्यावर तिसऱ्याच दिवशी कबुतरं परत आली.

"अहो, तारेवरच्या सीड्या कुठे गेल्या?" बायकोने विचारलं.

"धुवायला काढल्यात."

"सीड्या? धुवायला?" तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

कबुतरांनी चिमट्यांच्या बादलीत काड्या आणून टाकायला सुरुवात केली. आई दिवसभर खुर्चीत बसून वर्तमानपत्राची सुरळी हलवत त्यांना हाकलायची. एकदा मी ऑफिसला निघालो असताना तिने मला खुणेने बोलावलं. रिकाम्या तारेकडे बोट दाखवून कुजबुजली, "अरे, ती पांढरी सीडी..."

आता ही विचारणार! "आई, बोलू नकोस, घशाला ताण देऊ नकोस!" असं म्हणत मी बूट हातात घेऊनच जिना उतरलो. त्यानंतर मी तिच्यासमोर एकटा जाणंच बंद केलं. या वयात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईपासून दाराआड लपणारा माणूस कसा दिसत असेल, ते तुम्हीच ठरवा.

डेसिबल मात्र पेटले होते. रविवारी ते मला जुन्या सुट्या भागांच्या गल्लीत घेऊन गेले. तिथे एका टपरीएवढ्या दुकानात ड्राइव्ह विटांसारखे रचून ठेवलेले, आणि मध्ये एक म्हातारा दुकानदार. हा माणूस ड्राइव्ह विकण्याआधी त्याला वीज जोडायचा, आत सीडी फिरवायचा आणि डोळे मिटून कान लावायचा. चार ड्राइव्ह त्याने नुसते ऐकून बाजूला सारले. मी आमची पांढरी सीडी दाखवली. त्याने ती बघितली, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं आणि सगळ्यांत खालून एक पिवळट पडलेला ड्राइव्ह ओढून काढला.

"हा न्या. हळू आहे."

"हळू कशाला?" मी म्हणालो. "जलद नाही का एखादा?"

"जलदवाले घाईत असतात. हा सावकाश वाचतो, पण परत परत वाचतो. कंटाळत नाही." मग सीडी माझ्या हातात परत देताना त्याने विचारलं, "कोणाचं गाणं आहे?"

"आईचं."

त्याने वीज पुरवायची वेगळी पेटी आणि वायर शोधून दिली, ड्राइव्ह त्या पेटीत स्वतः बसवून दिला, आणि वर म्हणाला, "नाही चाललं तर परत आणा. दुसरा ऐकून ठेवतो."

पुढच्या शनिवारी सकाळी दिवाणखान्यातल्या टेबलावर तो पिवळा ड्राइव्ह मांडला. डेसिबलनी कसलासा प्रोग्रॅम घालून दिला होता, त्यात एक पट्टी पुढे सरकायची. पहिलं गाणं वाचताच आलं नाही. दुसरंही नाही. तिसऱ्या गाण्याला पट्टी हलली! एवढीशी हलली, थांबली, ड्राइव्ह घरघरला, परत हलली. दुपार झाली तरी पट्टी चौथ्या हिश्श्यापर्यंतसुद्धा आली नव्हती. मी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसलो होतो.

बायको शेजारी येऊन बसली. "खरं काय ते सांगता का आता?" ती हळूच म्हणाली. "सरप्राइजसाठी माणूस एवढा वाळत नाही."

मग मी सांगून टाकलं. कबुतरं, दोरा, वर्षभराचं ऊन, सगळं. "तिचा आवाज मी घालवला गं. उरलेला सगळा."

मला वाटलं होतं, आता ऐकावं लागणार. पण तिने माझ्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं. "आईंना सांगा," ती म्हणाली.

"गाणं मिळालं की सांगतो."

"आणि नाही मिळालं तर?"

पट्टी आणखी एक केसभर सरकली.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास ते तिसरं गाणं पूर्ण झालं. दहांतलं एक. पण एक तरी! मी अक्षरशः टुणकन उडी मारली. डेसिबल आपला एक स्पीकर छातीशी धरून जिना चढून आले. बायकोने आईला हाताला धरून आणलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. आईच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी तिच्याकडे न बघता बटण दाबलं.

आधी पेटीचे सूर आले. जरा खरखर होती, पण पेटी होती! बायकोने माझा दंड घट्ट धरला. मग कोणीतरी घसा खाकरला. आणि मग एका पुरुषाने गायला सुरुवात केली.

पुरुष फार जोरात गात होता. पेटी एका बाजूला चालली होती आणि तो दुसऱ्या. वरच्या पट्टीत गेल्यावर त्याचा आवाज फाटला, पण त्याने हार मानली नाही, फाटलेल्या आवाजाने तसाच आणखी वर गेला.

डेसिबलनी घाईघाईने वायर चाचपली. "ड्राइव्ह बिघडला वाटतं."

"ड्राइव्ह ठीक आहे," बायको सावकाश म्हणाली. "हे आमचे हे आहेत."

मीच होतो. बारा वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात मी एक गाणं म्हटलं होतं. ध्वनिव्यवस्थावाल्याने सगळ्या कार्यक्रमाची सीडी केली होती आणि मी मोठ्या अभिमानाने एक प्रत आईला नेऊन दिली होती.

आई हसत होती. तिच्या हसण्याला आवाज नाही, पण खांदे गदागदा हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मग ती उठली, आपल्या खोलीत गेली, आणि कपाटातल्या शालीच्या घडीतून एक कागदी पाकीट घेऊन आली. पाकिटात सीडी होती. स्वच्छ, नवी कोरी वाटावी अशी. वर त्याच सुरेख अक्षरात "दहा गाणी".

मी खालीच बसलो.

"तू टांगलीस ना," आई कुजबुजली, आणि आम्ही तिघेही वाकून ऐकू लागलो. "त्याच संध्याकाळी काठीने काढून घेतली. जागा मोकळी दिसली असती, म्हणून तिथे तुझी अडकवली."

"अगं मग मला सांगितलं का नाहीस? तीन आठवडे मी..."

"सांगत होते. तू म्हणालास, बोलू नकोस." तिने जरा दम घेतला. "ऑफिसात विचारलंस. यांना विचारलंस. बाजारात विचारलंस. मला विचारलंस का रे?"

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. अंगावरचं मणभर ओझं उतरलं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. खरंच पाठ हलकी झाली, श्वास पोटापर्यंत गेला. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला आठ वर्षांचं झाल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने मात्र अभिमान जागा झाला. "पण आई, एवढ्या सीड्या घरात होत्या. माझीच का अडकवलीस?"

"कबुतरं यायला नकोत म्हणून."

डेसिबल इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आईची सीडी बायकोने त्या पहिल्या, पातळ, काळ्या, बिनदमाच्या ड्राइव्हमध्येच घातली. त्याने ती तिथल्या तिथे वाचली. दहाच्या दहा गाणी उतरवून व्हायला चहा उकळायला लागतो त्याहून थोडासाच जास्त वेळ लागला. मग अंगाई लावली.

तो आवाज ऐकून किती वर्षं झाली होती! खोलीत कोणी हललं नाही. डेसिबलनीसुद्धा स्पीकरविषयी काही सांगितलं नाही. आई डोळे मिटून बसली होती, ओठ गाण्याबरोबर हलत होते, आवाज मात्र स्पीकरमधून येत होता. एका जागी तिने डोळे उघडून कपाळाला आठी घातली आणि बोटाने खूण केली, इथे सूर जरा उतरलाय. तेवढी एक खूण करून ती परत गात बसली.

तासाभरात मुलीचा फोटो आला. बाळ पालथं झोपलेलं, मूठ गालाखाली. खाली लिहिलं होतं, "दुसऱ्यांदा लावायची वेळच आली नाही. आजीला पापा." आईने तो फोटो मोठा करून करून इतक्या वेळा बघितला की फोनची बॅटरी संपली.

पिवळा ड्राइव्ह मी त्या म्हाताऱ्याला परत केला नाही. एवढ्या चिवटपणे माझं गाणं शेवटपर्यंत ऐकणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही. आणि संध्याकाळी, आईच्या सांगण्यावरून, मी पांढऱ्या सीडीत नवा दोरा ओवला आणि ती गॅलरीतल्या तारेला बांधली. आई खुर्चीतून बघत होती. "जरा मध्यभागी घे," ती कुजबुजली. मी घेतली.

त्यानंतर कबुतर फिरकलेलं नाही.